सत्तावीस वर्षं सस्पेन्स खात्यात

२००९ साली एका दिवाळी अंकात मी विजयदुर्गावर लेख लिहिला होता. बँकेच्या नोकरीत देवगड तालुक्यात तीन वर्षं काढली होती, त्या दिवसांच्या आठवणी होत्या. वाघोटन खाडी, किल्ल्याची तिहेरी तटबंदी, हापूसची कलमं, आणि शेवटी किल्ल्यातले ते 'साहेबाचे कट्टे'. या कट्ट्यांवर दुर्बीण मांडून नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियम वायूचा शोध लावला, असं मी त्यात बिनधास्त ठोकून दिलं होतं. तिकडे सगळे तसंच सांगतात. शाखेत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला किल्ला दाखवताना मीही तेच सांगत आलो होतो.

अंक बाजारात आल्यावर पंधराएक दिवसांनी कळव्याच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. कोकणातल्या एका निवृत्त शिक्षकांचं. लेख आवडल्याचं एका ओळीत लिहून पुढे त्यांनी एकच शंका विचारली होती. अठरा ऑगस्ट म्हणजे ऐन श्रावण. समुद्र खवळलेला, बंदर बंद, पावसाची झड लागलेली. अशा दिवसांत सूर्य बघायला विजयदुर्गाच्या तटावर कोणता शहाणा साहेब येऊन बसेल?

मी त्या कार्डाला उत्तर दिलं नाही. द्यायला उत्तरच नव्हतं. शंका इतकी साधी होती, की ती आपल्याला का सुचली नाही याचीच लाज वाटली. त्याच वर्षी २२ जुलैचं ग्रहण पाहायला हौशी लोक बिहारमधल्या तारेगणापर्यंत गेले आणि ढग बघून परत आले, हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. तरीही माझा हात थांबला नाही. मग जमेल तसं वाचायला घेतलं, आणि ज्याला मी इतकी वर्षं 'साहेब' म्हणत होतो तो मुळात आपल्यासारखाच एक कारकून निघाला.

लॉकियरचा जन्म १७ मे १८३६ चा, इंग्लंडमधल्या रग्बी गावातला. वडील वैद्यकी करणारे, विज्ञानाची आवड असलेले. मुलाचं शिक्षण खासगी शाळांत झालं, काही काळ फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये गेला. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून त्यानं कधी चढली नाही. १८५७ साली तो लंडनच्या युद्धखात्यात कारकून म्हणून चिकटला. पुढच्या वर्षी विनिफ्रेड जेम्स हिच्याशी लग्न झालं आणि जोडप्यानं विम्बल्डनला बिऱ्हाड थाटलं. दिवसभर टेबलावरची कागदपत्रं आणि संध्याकाळी घर. कळवा-डोंबिवलीकडच्या वाचकाला या आयुष्याची ओळख करून द्यायला नको. पुढे काही वर्षांनी सैन्याच्या नियमावलीचं संपादन त्याच्या गळ्यात पडलं. आयुष्यभर परिपत्रकं वाचलेल्या माणसाला हे काम म्हणजे काय असतं ते बरोबर कळतं.

शेजाऱ्याच्या संगतीनं त्याला दुर्बिणीचा नाद लागला. कुक नावाच्या नामांकित कारागिराकडून त्यानं सव्वासहा इंच भिंगाची दुर्बीण घेतली आणि घराच्या आवारात मांडली. १८६२ साली मंगळ पृथ्वीच्या जवळ आला होता. रात्रीमागून रात्री लॉकियर त्याची चित्रं काढत बसला. त्याच्या लक्षात आलं, की मंगळावरचे काळसर डाग कायमचे आहेत. पण रोज त्यांचा काही भाग झाकला जातो आणि पुन्हा उघडा पडतो. हे ढग असणार, असा त्यानं अर्थ लावला. म्हणजे तिथे हवा आहे. कोट्यवधी मैलांवरच्या ग्रहाचं वातावरण अंगणात बसून वाचायचं, याची गोडी त्याला इथे लागली असावी असं मला वाटतं. नुसत्या डोळ्यानं मात्र एवढंच कळतं, की हवा आहे. ती कशाची आहे, हे कळायला दुसरं हत्यार लागतं.

ते हत्यार तीनच वर्षांपूर्वी, १८५९ मध्ये, जर्मनीत किर्कहोफ आणि बुन्सेन यांनी सिद्ध केलं होतं. स्वयंपाकघरात भाताची पेज उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पेजेत मीठ असतं, मिठात सोडियम असतं, आणि तापलेला सोडियम हाच पिवळा उजेड देतो. खाडीपुलावर पूर्वी जे पिवळे दिवे असत तेही सोडियमचेच. हा उजेड लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्याचा पट्टा दिसत नाही, पिवळ्या जागी शेजारी-शेजारी दोन बारीक रेघा दिसतात. लोखंडाच्या रेघा वेगळ्या, हायड्रोजनच्या वेगळ्या. बँकेत प्रत्येक खातेदाराच्या नमुना सहीचं कार्ड असतं, तसं प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांचं कार्ड तयार करता येतं. चेक कुठूनही येवो, सही ताडून बघायची. उजेड गॅसच्या शेगडीतून आलेला असो की सूर्यावरून, रेघा ताडून बघायच्या.

लॉकियरनं १८६६ मध्ये आपल्या दुर्बिणीला हे वर्णपटाचं यंत्र जोडलं आणि सूर्याकडे रोखलं. सूर्याच्या कडेला लालसर ज्वाळा उसळतात, पण त्या फक्त खग्रास ग्रहणाच्या चार-दोन मिनिटांत दिसत. एरवी उजेडात बुडून जात. त्याला एक युक्ती सुचली. आकाशाचा उजेड सगळ्या रंगांचा असतो. एकामागून एक लोलक लावले की तो पसरत जाऊन फिका पडतो. ज्वाळा जर वायूच्या असतील तर त्यांचा उजेड मात्र मोजक्याच रेघांत असणार, आणि रेघ कितीही ताणली तरी रेघच राहते. आमटीत पाणी वाढवत गेलं की डाळ पातळ होते, मिरीचा दाणा मात्र दाणाच राहतो, तसं. म्हणजे पुरेसे लोलक असले तर ग्रहणाची वाट बघायची गरजच नाही. ही कल्पना त्यानं त्याच वर्षी रॉयल सोसायटीपुढे मांडली. मोठ्या यंत्रासाठी सरकारी अनुदानही मिळालं. यंत्र मात्र मिळेना. बनवणारे कारागीर आज देतो, उद्या देतो करत राहिले. त्यात दोन वर्षं गेली.

आणि त्या दोन वर्षांतच १८ ऑगस्ट १८६८ उजाडला. ग्रहणाची सावली हिंदुस्थानावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता, इंग्रजांचा टेनंटही तिथेच. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला आणि त्यांचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, त्या थोर हर्शेल घराण्याचा नातू. जमखंडीला ढगांनी छळलं, तरी मधल्या फटीतून हर्शेलला ज्वाळांच्या रेघा दिसल्या. एक लाल, एक निळी आणि एक नारिंगी-पिवळी. ही पिवळी त्याला सोडियमचीच वाटली. म्हणजे मराठी माणसांच्या मुलखात त्या दिवशी ती रेघ कुणी पाहिली असेलच, तर ती जमखंडीला. तिथे कट्टा नाही, आख्यायिका नाही. आता ते गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे.

लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता, यंत्राची वाट बघत.

जान्सेनला ग्रहणातल्या रेघा इतक्या झळझळीत दिसल्या, की त्या एरवीही दिसल्या पाहिजेत असं त्याच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाहिलं, तर दिसल्या. ही बातमी बोटीच्या टपालानं निघाली. इकडे लॉकियरचं यंत्र एकदाचं ऑक्टोबरच्या मध्यावर हाती आलं आणि २० ऑक्टोबरला त्यालाही, ग्रहण नसताना, भर दिवसा ज्वाळांच्या रेघा दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, काही मिनिटांच्या अंतरानं आली. अकादमीनं भांडण लावलं नाही, दोघांनाही मान दिला. पुढे फ्रेंच सरकारनं दोघांचे चेहरे शेजारी-शेजारी कोरून एक पदक पाडलं. श्रेयासाठी लोक एकमेकांचे गळे धरतात तिथे असं होणं मला अजूनही नवलाचं वाटतं.

लॉकियर तिथे थांबला नाही. यंत्र सूर्याच्या कडेभोवती फिरवताना त्याला रेघा सगळीकडे दिसू लागल्या. म्हणजे ज्वाळा सुट्या नाहीत. सूर्याभोवती वायूचा एक अखंड थर आहे आणि ज्वाळा हे त्याचेच उंचवटे आहेत. या थराला त्यानं क्रोमोस्फिअर हे नाव दिलं, मराठीत आपण वर्णावरण म्हणतो. आणि ती पिवळी रेघ? नीट मोजली तेव्हा ती सोडियमच्या जोडरेघांवर बसेना. अगदी जवळ, पण वेगळी. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड याच्याबरोबर त्यानं प्रयोगशाळेत हायड्रोजन वेगवेगळ्या तऱ्हेनं तापवून, दाब बदलून पाहिला. रेघ येईना. सही खरी, पण कार्ड सापडेना.

बँकेत असा प्रसंग आला तर रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. पैसे आलेत हे नक्की, कुणाचे ते माहीत नाही. धनी सापडेपर्यंत तिथे पडून राहतात. लॉकियरनं सूर्यावर एक अनोळखी मूलद्रव्य आहे असं धरून त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हणायला सुरुवात केली. शेवटचा 'इयम' धातूच्या नावांना लागतो. हाही धातूच असेल अशी त्याची समजूत. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी एका भाषणात त्या नावाचा जाहीर उल्लेख केला. पण कुणी हातात घेऊन दाखवू शकत नाही, तराजूत तोलू शकत नाही, अशा पदार्थावर रसायनशास्त्रज्ञांनी विश्वास ठेवायचा कसा? फ्रँकलंडही जपूनच बोलत असे. पदवी नसलेल्या कारकुनानं सूर्यावर मूलद्रव्य शोधलं, यातली गंमत त्या काळच्या प्राध्यापकांना चुकली नसणार.

या वाट पाहण्याच्या काळात लॉकियर स्वस्थ बसलेला नव्हता. ४ नोव्हेंबर १८६९ ला मॅकमिलन कंपनीच्या पाठबळानं त्यानं 'नेचर' हे साप्ताहिक काढलं. बरीच वर्षं ते तोट्यात चाललं. तरी पन्नास वर्षं, १९१९ पर्यंत, तो त्याचा संपादक राहिला. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत 'नेचर'मध्ये निबंध येणं म्हणजे काय, हे सांगायला नको. सुरुवातीची काही वर्षं हा माणूस युद्धखात्यातली नोकरी सांभाळून ते चालवत होता. विनिफ्रेड फ्रेंचमधल्या विज्ञानाच्या पुस्तकांची इंग्रजी भाषांतरं करी. पोरांनी भरलेलं घर होतं. १८७५ मध्ये त्याची बदली साउथ केन्सिंग्टनच्या विज्ञान-कला खात्यात झाली आणि पोटाचा उद्योग व मनाचा उद्योग एकदाचे एका छपराखाली आले. चारच वर्षांनी विनिफ्रेड गेली.

हिंदुस्थानात तो पहिल्यांदा आला तो १८७१ च्या डिसेंबरातल्या ग्रहणासाठी, मलबारकडच्या बेकल किल्ल्यावर. याच सुमारास त्याच्या मनात आलं, की सूर्यावरचे डाग अकरा वर्षांच्या फेऱ्यानं वाढतात-घटतात, त्याचा पावसाशी संबंध असेल का? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. १८७७ साली लॉकियर आणि हंटर यांनी सूर्याचे डाग आणि दुष्काळ यांवर मिळून लेख लिहिला. हे नातं पक्कं बसलं तर दुष्काळ आधी सांगता येईल, अशी ती आशा. त्यातूनच डेहराडूनला सूर्याची रोज छायाचित्रं घेण्याची सोय झाली. आशा फळली नाही. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी आकडे तपासले तेव्हा डागांचं आणि पावसाचं नातं फार क्षीण निघालं. पण त्याच धांडोळ्यात लॉकियर आणि त्याच्या मुलाला दिसलं, की हिंदुस्थानात हवेचा दाब चढतो तेव्हा दक्षिण अमेरिकेकडे तो उतरतो, ढेकळीसारखा. ही ढेकळी वॉकरच्या हाती लागली आणि तिचं पुढे सदर्न ऑसिलेशन झालं. आज मान्सूनच्या अंदाजात एल निनोचं नाव ऐकतो, त्याचाच हा भाऊबंद.

चुका त्यानं भरपूर केल्या. स्वभाव हट्टी, भांडकुदळ. तारे उल्कांच्या थव्यांपासून झाले हा त्याचा आवडता सिद्धांत होता आणि तो चुकला. गंमत अशी, की त्याचा एक पाया उखडला पुण्यातून. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेतून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची मुख्य रेघ पाहिली. ती लॉकियर म्हणत होता तशी पसरट नसून लख्ख बारीक असल्याचं त्यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलं. विलायतेतल्या साहेबाची चूक पुण्यातल्या प्राध्यापकानं काढली.

आणि मग १८९५ चा मार्च. विल्यम रॅमसे हे रसायनशास्त्रज्ञ युरेनियमच्या एका खनिजावर आम्ल टाकून निघालेला वायू तपासत होते. त्यांना अपेक्षा वेगळ्याच वायूची होती. यंत्रात एक पिवळी रेघ चमकली. सोडियमची नव्हे, शेजारची. विल्यम क्रुक्स यांनी मोजून खात्री केली. सत्तावीस वर्षं सस्पेन्स खात्यात पडलेल्या रकमेचा धनी सापडला, आणि तोही पायाखालच्या दगडात. धातू नव्हे, वायू. लॉकियर तेव्हा एकोणसाठीला आला होता. त्यानं स्वतः ती रेघ आपल्या प्रयोगशाळेत पाहिली. दोन वर्षांनी त्याला सरकारनं सर केलं.

म्हणजे १८९८ च्या जानेवारीत विजयदुर्गाला जो माणूस आला तो हेलियम शोधायला आलेला नव्हता. त्याला यश मिळून गेलेलं होतं, वय बासष्टीकडे झुकलेलं. महाराष्ट्रात तेव्हा प्लेगचं थैमान चाललं होतं. रँडच्या वधाला वर्षही झालं नव्हतं. २२ जानेवारीच्या ग्रहणाची सावली रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून आत शिरणार होती, आणि हवा कोकणातल्या थंडीची, स्वच्छ. आरमाराची 'मेल्पोमेनी' ही युद्धनौका दिमतीला, तिच्यावरचे खलाशी मदतनीस. बांधलेल्या चौथऱ्यांवर यंत्रं मांडली, रोज तालमी घेतल्या, कारण खग्रास अवस्था उणीपुरी दोन मिनिटांची. त्याच दिवशी तिकडे करमाळ्याजवळच्या जेऊरला नायगामवाला आपली पुण्याची यंत्रं घेऊन उभे होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कँपबेलही.

विजयदुर्गाला आकाश निरभ्र मिळालं. सूर्याची तबकडी झाकली जाताना आणि उघडताना काही क्षण वर्णावरणाच्या रेघांचा वर्णपट झळकतो, त्याची छायाचित्रं काचांवर उतरली. त्यांत त्याला एक जुनं कोडं पुन्हा दिसलं. काही धातूंच्या ज्या रेघा साध्या ज्योतीत फिक्या दिसतात आणि विजेच्या ठिणगीत ठळक होतात, त्या सूर्याच्या या वरच्या थरात ठळक होत्या. लॉकियर म्हणे, तापल्यावर मूलद्रव्यं फुटून साधी होतात. लोक हसत. १६ ऑगस्ट १९२० ला, सिडमथजवळ स्वतः उभारलेल्या वेधशाळेच्या परिसरातल्या घरी, तो वारला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोलकात्याच्या सत्तावीस वर्षांच्या मेघनाद साहा यांचा निबंध लंडनमध्ये छापून आला. मूलद्रव्य फुटत नाही, पण अणूतला इलेक्ट्रॉन निसटतो. तापमान आणि दाब किती असला की किती अणूंचा निसटेल, याचं समीकरणच साहांनी दिलं. सूर्याच्या वातावरणाचं गणित पहिल्यांदा कागदावर बसलं. लॉकियरची अर्धी चूक त्यानं दुरुस्त केली आणि अर्धी बरोबर ठरवली. दोन महिन्यांनी त्याची गाठ चुकली.

पुढची कथा भराभर सांगता येते. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सनवरून शुक्राच्या उजेडात कार्बन डायऑक्साइडची सही सापडली. आपलं मंगळयान २०१४ मध्ये मंगळाभोवती पोचलं तेव्हा मिथेन हुंगणारं यंत्र त्याच्यावर होतं. २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीनं दुसऱ्याच एका ताऱ्याभोवतीच्या ग्रहाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ओळखला. साधनं बदलली, पण रेघा ताडून बघायचं काम तेच. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या आदित्य यानावर पुण्याच्या आयुकात तयार झालेली दुर्बीण आहे आणि ती त्या वर्णावरणाकडेच बघते आहे.

विजयदुर्गावर अलीकडच्या वर्षांत १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. मुलं येतात, भाषणं होतात, पावसाची सर येऊन जाते. मला त्यात वाईट काही दिसत नाही. फक्त तिथे २२ जानेवारी १८९८ लिहिलं तर कट्ट्यांची किंमत कमी होते असं तिथल्या लोकांना का वाटावं, हे कळत नाही. ज्या कट्ट्यावर उभं राहून साहेबानं काय पाहिलं ते खरोखर ठाऊक आहे, तो सोडून ज्या कट्ट्यावर तो उभाच नव्हता त्याचा अभिमान आपण धरून बसलोय.

ते पोस्टकार्ड अजून माझ्या कपाटात आहे. दोन वर्षांपूर्वी मी उत्तर लिहिलं आणि कार्डावरच्या पत्त्यावर पाठवलं. पंधरा दिवसांनी ते परत आलं, पोस्टमननं त्यावर गुरुजी गेल्याचं लिहिलं होतं. त्यांच्या मुलाला किंवा नातवाला हा मजकूर दिसला, तर त्यांच्या शंकेची नोंद बरोबर होती असं समजावं.